तीन नंबरची डिस्क

१

दसऱ्याच्या संध्याकाळी साडेसहा वाजता उत्तरेश्वर गरड यांनी खडकीतल्या आपल्या फ्लॅटमधला संगणक सुरू केला आणि बायकोचा आवाज नाहीसा झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

आवाज म्हणजे त्रेसष्ट रेकॉर्डिंग. इंदुबाई गरड एकतीस वर्षं दारूगोळा कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होत्या. कारखान्यातल्या हजारो माणसांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून सगळे ओळखत. २००२ च्या जुलैमध्ये घशाच्या कॅन्सरचं निदान झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की, स्वरयंत्र काढावं लागेल. नऊ सप्टेंबरला ते काढलं. त्याआधीचे सहा आठवडे इंदुबाई रोज संगणकासमोर माइक धरून बसल्या आणि जे सुचेल ते बोलल्या. एक्स्चेंजवरचे किस्से, मुलांचं लहानपण, नवऱ्याबद्दलच्या तक्रारी. आता त्या पाटीवर लिहून बोलत.

ती त्रेसष्ट रेकॉर्डिंग ज्या फोल्डरमध्ये होती, तो फोल्डरच नव्हता. उत्तरेश्वरांनी बाकीचं तपासलं. गणपतीतले फोटो नव्हते. ऑगस्टमधली पत्रं नव्हती. सव्वीस जुलैपर्यंतचं सगळं जागच्या जागी होतं आणि त्यानंतरचं काहीही नव्हतं. संगणक मात्र कसलीही तक्रार न करता चालू होता, जणू मधले अडीच महिने आलेच नव्हते.

सात वाजता त्यांनी कसबा पेठेत फोन लावला.

"शकीलाबाई, दोन ठिकाणी ठेवलेली वस्तू दोन्ही ठिकाणांहून एकदम कशी जाते?"

पलीकडून शकीला अत्तार म्हणाली, "मशीन बंद करा. वायर भिंतीतून काढा. मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा, काका."

२

शकीला कसबा पेठेतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत संगणक जोडून देत असे. वय चौतीस. घाईतल्या गिऱ्हाइकाला ती दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायची आणि तो खरोखर बरोबर असायचा.

जुलैत गरडांचा संगणक तिनेच जोडला होता. आवाज साठवायचा कशावर, यावरून तेव्हा याच घरात दोन तास खल झाला होता. मुलगा अभिनव हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याचं म्हणणं, दोन हार्ड डिस्क घेऊन काम दोघींत अर्धं अर्धं वाटावं. मशीन दुप्पट वेगानं पळेल. शकीलाने विचारलं होतं, दोघींतली एक बिघडली तर? अभिनवने मान्य केलं की, मग दुसरीवरच्या अर्ध्याचाही उपयोग नाही. मुलगी अपेक्षा बंगळूरला नोकरीला होती. तिने फोनवरून सुचवलं की, एकच डिस्क ठेवा आणि सीडीवर प्रती काढत राहा. त्यावर उत्तरेश्वरांनी पुण्याच्या हवेत बुरशी धरलेल्या दोन सीडी काढून दाखवल्या होत्या.

शेवटी शकीलाचा तिसरा मार्ग ठरला. दोन सारख्या डिस्क, आणि एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही. अर्धी जागा वाया जाते, पण एक डिस्क मेली तरी दुसरी जिवंत राहते. उत्तरेश्वरांनी आयुष्य त्याच कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथवर काढलं होतं. सुटा भाग कपाटात असल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी तिसरीही डिस्क घेतली. शकीलाने एक नंबरची डिस्क काढली, तिच्या जागी तिसरी लावली, दोन नंबरवरून तिच्यावर सगळं उतरवलं आणि एक नंबर परत बसवून तिसरी पुन्हा खोक्यात घालून टेबलाच्या खणात ठेवली. त्या वेळी इंदुबाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या. घोगऱ्या आवाजात त्यांनी इतके प्रश्न विचारले की, एक तासाच्या कामाला दोन तास लागले होते.

दर महिन्याला ती तिसरी डिस्क ताजी करून घ्या आणि घराबाहेर कुठंतरी ठेवा, असं शकीला बजावून गेली होती. ते कुणीच केलं नव्हतं.

३

बुधवारी सकाळी आठला शकीलाने कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि ती तशीच बसून राहिली.

"काका, हे काय आहे?"

वरच्या डिस्कच्या पत्र्यावर हळदी-कुंकवाचं बोट होतं. झेंडूची एक पाकळीही चिकटली होती.

उत्तरेश्वरांना प्रश्नच कळला नाही. "खंडेनवमी होती सोमवारी. मायक्रोमीटर, व्हर्नियर, हत्यारं, सगळ्यांची पूजा केली. खरं काम तर या दोघीच करतात. म्हणून सकाळी दोन्ही बाहेर काढल्या, पाटावर ठेवल्या, कुंकू लावलं आणि परत बसवल्या. मग दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असं घरात सांगून ठेवलं. पूजेतल्या हत्याराला काम लावत नाहीत."

"दोन्हींना लावलं होतं कुंकू?"

"म्हणजे काय. एकीला लावून दुसरीला विसरेन?"

शकीलाने बॅटरी जवळ नेली. जुलैत तिने तिन्ही डिस्कवर काळ्या मार्करने आकडे घातले होते. कुंकू लावलेली वरची डिस्क दोन नंबरची होती. खालची स्वच्छ होती. तिच्यावर कुंकवाचा कणही नव्हता, आणि तिच्यावरचा आकडा होता तीन.

शकीलाने टेबलाचा खण ओढला. तिसऱ्या डिस्कचं खोकं नीट बंद केलेलं होतं. आत काही नव्हतं.

"हे बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "कुणीतरी केलेलं आहे. एक नंबरची काढून तिथं तीन नंबरची लावली, आणि तीन नंबरवरचा जुलै दोन नंबरवर उतरवला. दोन नंबरवर जे होतं त्याच्यावर लिहिलं गेलं. ते आता परत मिळणार नाही."

सुट्टीला बंगळूरहून आलेल्या अपेक्षाच्या हातातला कप बशीवर वाजला.

"पण एक नंबर कुठंतरी आहे," शकीला म्हणाली. "त्रेसष्टच्या त्रेसष्ट आता फक्त तिच्यावर आहेत. जगात दुसरीकडे कुठंच नाहीत."

४

घरात चौघं होती. उत्तरेश्वर, इंदुबाई, सणाच्या सुट्टीमुळे घरी असलेला अभिनव आणि दुपारी चारच्या बसने बंगळूरला निघालेली अपेक्षा. शकीलाने एकेकाला समोर बसवलं.

उत्तरेश्वरांचा हिशेब सरळ होता. पूजा सोमवारी सकाळी दहाला झाली. दुपारी तीनला ते, अभिनव आणि अपेक्षा कारखान्यातल्या त्यांच्या जुन्या खात्याच्या पूजेला गेले आणि साडेपाचला परतले. त्यानंतर मंगळवारच्या संध्याकाळपर्यंत ते संगणकाच्या खोलीतच होते, झोपलेही तिथंच. अदलाबदल झाली असेल तर ती सोमवारी तीन ते साडेपाच याच वेळात.

इंदुबाईंनी चहा आणला. त्यांनी उत्तरेश्वरांसमोर पाटी धरली. उत्तरेश्वर 'हो, हो' म्हणाले आणि शकीलाकडे बघत बोलत राहिले. पाटीवर 'गोळी घेतली का?' असं लिहिलेलं होतं. इंदुबाईंनी ती पुसली.

"आवाज रोज ऐकायचात?" शकीलाने विचारलं.

"सकाळी सात ते नऊ. परत संध्याकाळी. हेडफोन लावून. सगळी पाठ झाली आहेत म्हणा."

अभिनव घाम पुसत बसला. त्याच्याविरुद्ध बोलायला दोन गोष्टी होत्या. दोन सारख्या डिस्क म्हणजे वाया गेलेली अर्धी जागा, असं तो गणपतीतही म्हणाला होता. आणि सोमवारी कारखान्यातल्या गर्दीतून तो एक तास गायब होता. कुठे होता हे तो वडिलांसमोर सांगेना. शकीला त्याला गॅलरीत घेऊन गेली. तिथं त्याने कबूल केलं की, औंधला एक फ्लॅट बघायला गेला होता. ठरत आलाय. अप्पांना अजून सांगितलेलं नाही. आईच्या आजारपणात वेगळं राहायचं म्हणतो असं वाटेल.

"वाटेलच," शकीला म्हणाली. "पण त्या तासात घरी आला नव्हतात, याला साक्षीदार कोण?"

"आई. ती घरीच होती. कारखान्यातली धूळ तिच्या गळ्याला चालत नाही. काल रात्रीच अप्पांनी तिला विचारलं, कोण आलं होतं? तिनं लिहून दिलं."

इंदुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. शकीलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'कोणी आले नाही.'

अपेक्षा मात्र प्रश्नाची वाट न बघता बोलायला लागली. तिने आईच्या आवाजाची प्रत तीनदा मागितली होती. अप्पांनी तिन्ही वेळा नाही म्हटलं. उघडझाक केली की बिघडतं, हे त्यांचं उत्तर.

"मग तुमच्याकडे काहीच नाही?"

"फोनवरून ऐकते ना," अपेक्षा कोरड्या स्वरात म्हणाली. "मी रविवारी फोन केला की अप्पा रिसीव्हर स्पीकरपाशी धरतात आणि आईचं एखादं रेकॉर्डिंग लावतात. आई तेव्हा त्यांच्या शेजारीच बसलेली असते."

५

साडेबारा वाजले. शकीलाच्या डोक्यात एक चित्र जमत होतं आणि ते तिला अस्वस्थ करत होतं.

समजा, कुणाला तो आवाज स्वतःसाठी हवा होता. दोन्ही डिस्कवर तेच आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एक नेली तर एक मागे उरतेच, म्हणजे कुणाचं काही जात नाही. फक्त मशीनने एक डिस्क नाही म्हणून बोंब मारू नये, एवढ्यासाठी खणातली तिसरी तिथं अडकवायची. मग पडद्यावर प्रश्न येतो आणि घाबरलेलं बोट चुकीच्या बटणावर पडतं. नेणाऱ्याला वाटतंय की मागे एक प्रत आहे. म्हणून तो हातातल्या डिस्कला जपणार नाही. उघडी डिस्क कपड्यांत गुंडाळून बॅगेत. साडेआठशे किलोमीटर. बसचा एक जोरदार दणका पुरे.

"अपेक्षा," शकीला म्हणाली, "तुमची बॅग बघू द्या."

अभिनव उठून उभा राहिला. उत्तरेश्वरांनी मुलीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्या खाली घातलेल्या नजरेनेच अपेक्षा दुखावली. तिने बॅग ओढत आणून जमिनीवर पालथी केली. साड्या, चिवड्याचा डबा, कंपनीचं ओळखपत्र, फराळाच्या दोन पिशव्या. शकीलाने सगळं एकेक करून बाजूला ठेवलं. बॅगेचं अस्तरही चाचपलं.

डिस्क नव्हती.

"झालं समाधान?" अपेक्षाने विचारलं.

शकीलाने माफी मागितली. मग ती परत कॅबिनेटपाशी गेली आणि पहिल्यांदाच, डिस्क सोडून, ज्यांनी ती बसवली होती त्या स्क्रूंकडे पाहायला लागली.

६

दोन नंबरच्या डिस्कला चार स्क्रू होते, चारही सारख्या ताकदीने आवळलेले. ते उत्तरेश्वरांचं काम होतं यात शंका नव्हती. तीन नंबरला दोनच स्क्रू होते. दोन्ही बोटाने फिरवले तरी निघाले.

शकीलाने सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं. इंदुबाई नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, मांडीवर पाटी, उजवा हात पाटीवर टेकलेला.

"मी सकाळपासून चुकीचा माणूस शोधत होते," शकीला म्हणाली. "चोर घाबरला आणि चुकून बटण दाबलं, असं मी धरून चालले. पण हे मशीन तसं करत नाही. नवी डिस्क दिसली की विचारतं, कुठून कुठे उतरवू? उत्तर दिलं की परत विचारतं, नक्की का? दोन्ही वेळा तीन वरून दोन असं निवडावं लागतं. गप्प बसलं तर ते काहीच करत नाही. त्यानंतर तासभर पडद्याकडे बघत थांबावं लागतं. म्हणजे ही चूक नाही. हे जाणूनबुजून केलंय. आवाज या मशीनमधून जावा, असं कुणाला तरी वाटत होतं."

"कुणाला?" उत्तरेश्वरांचा आवाज चढला. "कोण इतकं वाईट आहे या घरात?"

"वाईट नाही. नुसतं घालवायचंच असतं तर डिस्क कशाला काढायची? फोल्डर पुसायचा, एक बटण. दोन्ही डिस्कवरून एकदम गेला असता. माझी ही जोडी डिस्क मरण्यापासून वाचवते, माणसाच्या हातापासून नाही. अभिनवना हे माहीत आहे. त्यांना घालवायचं असतं तर अर्ध्या मिनिटात झालं असतं. इथं कुणीतरी स्क्रू काढून एक नंबरची डिस्क आधी बाजूला ठेवली. म्हणजे आवाज जपला, आणि फक्त या टेबलावरून उठवला."

शकीलाने तीन नंबरचे दोन स्क्रू तळहातावर धरले.

"मग स्क्रू. काका, तुम्ही दोन स्क्रू सैल ठेवून झोपू शकाल?"

"शक्य नाही."

"म्हणजे तुम्ही नाही. ज्याने लावले त्याच्या हातात आवळण्याइतका जोर नव्हता. आता वेळ. सोमवारी तीन ते साडेपाच. अभिनव घरी आले नाहीत, अपेक्षा आली नाही, बाहेरचं कुणी आलं नाही. आपल्याला हे सगळं एकाच माणसाने सांगितलं, आणि ते पूर्ण खरं आहे. कोणी आलं नाही. यायची गरजच नव्हती. आपण सगळे विचारत राहिलो की कोण आलं होतं. घरात कोण होतं, हे कुणी विचारलं नाही."

उत्तरेश्वर हसले. ते हसू अर्ध्यावर थांबलं. "ही? तिला त्यातलं काय कळतं?"

"एकतीस वर्षं त्यांनी कुठल्या भोकात कुठली पिन घालायची हेच केलंय, काका. कुठून आलं, कुठे द्यायचं. जुलैमध्ये त्या माझ्या शेजारी बसून एकेक वायर विचारत होत्या. मी हीच अदलाबदल त्यांच्यासमोर केली. आणि ऑपरेशनपासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यात जोरही राहिलेला नाही."

मग ती वळली. तिचा आवाज खाली आला. "काकू, माझं चुकलं असेल तर सांगा."

इंदुबाई उठल्या.

७

त्या स्वयंपाकघरात गेल्या. डबे सरकवल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेला चौकोन होता. गळ्याच्या छिद्रावर बांधायला त्या ज्या मलमलीच्या घड्या शिवायच्या, त्यातल्याच दोन. कुंकवाचा डाग कापडातून वर आला होता.

अपेक्षा पुढे झाली. इंदुबाईंनी तिला थांबवलं. त्यांनी डिस्क मांडीवर ठेवली, तिच्यावर पाटी ठेवली आणि लिहायला घेतलं. पाटी भरली, तेव्हा त्यांनी ती नवऱ्यासमोर धरली.

उत्तरेश्वरांना चष्मा सापडेना. तो कपाळावर होता. अभिनवने तो खाली ओढून दिला.

पाटीवर लिहिलं होतं, 'रोज चार तास तुम्ही तिच्यापाशी असता. मी पाटी धरून शेजारी उभी असते. ती तुम्हाला काही विचारत नाही, म्हणून बरी.'

इंदुबाईंनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. या वेळी दोनच ओळी. 'घालवणार नव्हते. पण ती मशीनमध्ये असेपर्यंत तुम्ही माझ्याकडे येणार नाही.'

"मला वाटायचं..." उत्तरेश्वर म्हणाले आणि थांबले. "मला वाटायचं, तुलाही बरं वाटत असेल. आपलाच आवाज घरात आहे म्हणून."

इंदुबाईंनी मान हलवली. रागाने नाही, हिशेबातली चूक दाखवावी तशी. मग त्यांनी मांडीवरची डिस्क उचलून शकीलाच्या हातात दिली.

शकीलाने मलमल उलगडली. एक नंबर. कुंकू पुसट झालं होतं, पत्रा शाबूत होता. तिने ती जोडली, आणि पडद्यावर नावं यायला लागली. अठ्ठावीस जुलै. एकोणतीस जुलै. अपेक्षा मोठ्याने मोजत होती. त्रेसष्टवर तिचा आवाज फुटला. अभिनवने खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात आपटले आणि मग औंधच्या फ्लॅटचंही सांगून टाकलं. त्या गडबडीत ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

दीड वाजला होता. शकीलाने घाईने सांगितलं, बस चारची आहे, आत्ता सुरुवात केली तर अपेक्षाची प्रत होईल. दोन नंबर मी नव्याने भरते आणि इथं पहिल्यासारखी जोडी बसवून देते.

"प्रती काढा," उत्तरेश्वर म्हणाले. "तीन नंबरवर एक. ती अपेक्षा नेईल. दोन नंबरवर एक. ती तुमच्या दुकानात राहू दे, या घराबाहेर. ते मी तेव्हाच ऐकायला हवं होतं." मग त्यांनी इंदुबाईंकडे पाहिलं. "इथली कधी लावायची, ते ही सांगेल."

"काका, नुसती बाहेर ठेवली तर..."

"मलमलीत ठेवू. दोन दिवस राहिली की नीट."

शकीलाने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कामाला लागली. अपेक्षा तिच्या शेजारी जाऊन बसली, पण बघत होती ती बाहेरच्या खोलीकडे.

तिथं उत्तरेश्वरांनी आपली खुर्ची संगणकाच्या टेबलापासून ओढली आणि दाराजवळ, इंदुबाईंच्या समोर नेली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. मग त्यांनी विचारलं, "सोमवारी भीती नाही वाटली? एकटीनं, आतल्या वायरींना हात घालताना?"

इंदुबाई हसल्या आणि लिहू लागल्या. उत्तरेश्वर पुढे वाकले. उलटी दिसणारी अक्षरं जशी उमटत गेली, तसा एकेक शब्द ते मोठ्याने वाचत गेले. "भीती... वाटली... पण... हात..." पुढचा शब्द त्यांनी लिहिला जाण्याआधीच बोलून टाकला. तो चुकला. इंदुबाईंनी पेन्सिल पाटीवरून उचलली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

ते थांबले. पेन्सिल पुन्हा पाटीवर टेकेपर्यंत थांबून राहिले.